साबूत मानेची बाहुली

ती बाहुली तुम्हाला सापडली नाही. तुम्ही ती उचलून नेलीत. काचेच्या पेटीत ठेवून, वर दिवा सोडून, खाली पितळी पाटी ठोकून तुम्ही आता जगाला सांगता की ती खात्याच्या उत्खननात मिळाली. कसलं उत्खनन? प्रानोमच्या परसात, हळदीच्या वाफ्यात, प्रानोमच्याच कुदळीने ती वर आली. तुमच्या साहेबाने फक्त पाणी मागितलं होतं आणि प्रानोमने ते दिलं होतं. तुमचा खटाटोप एवढाच.

आता नीट ऐका. मध्ये बोलू नका, आजवर तुम्हीच बोलत आला आहात.

थाई मुलखात, योम नदीच्या काठी नोन ताओ गावात घर बांधायचं म्हणजे कुठल्या तरी जुन्या भट्टीच्या टाळक्यावरच बांधायचं. गावभर उंचवटे आहेत आणि प्रत्येक उंचवट्याच्या पोटात एक भाजलेली पोकळी आहे. कोंबड्यांनी माती उकरली की हिरवी खापरं वर येतात. पोरी त्यांची टिक्कर खेळतात, बाया पायरीखाली चिखल होऊ नये म्हणून ती पसरतात. मडकी घडवायची कला गाव केव्हाच विसरला. आता लोक तंबाखू लावतात, मूग लावतात. तुमचं खातं येण्याआधी पुरुष हंगाम नसला की खणायचे आणि निघालेली थाळी, सुरई, कुपी सावनखालोक शहरातल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला, हेंगशेटला, विकायचे. प्रानोमचा मेलेला नवराही खणायचा. त्यात कुणाला लाज नव्हती आणि आजही नाही. आपल्या घराखालची वस्तू विकली, दुसऱ्याच्या घराखालची नाही.

बाहुल्यांचं मात्र वेगळं होतं. इथे बाई पोटुशी असली आणि दिवस जड जायला लागले की तिच्या नावाने एक बाहुली करतात, छातीशी मूल धरलेली. केळीच्या सोपटाचा द्रोण करायचा, त्यात पिवळा भात, काळा भात, मीठ-मिरची, एक उदबत्ती. मग घरातल्या थोरल्या बाईने बाहुलीची मान कडकन मोडायची आणि सांगायचं, ही घे आई, हे घे लेकरू, आमची फलाणी सोड. जो न्यायला आलेला असतो तो मोडकी मान बघतो, त्याला वाटतं आपलं काम झालं, आणि तो जातो. आता या बाहुल्या नदीच्या चिखलाच्या करतात. जुन्या काळी, भट्ट्या पेटत होत्या तेव्हा, त्या पक्क्या भाजायचे, हिरवी झिलई देऊन. म्हणून उंचवट्यांत धडं एकीकडे सापडतात आणि डोकी दुसरीकडे. हेंगशेट या धडाला ते डोकं चिकटवून फिरंग्यांना विकायचा. गावात त्याला म्हणायचे, "स्थळं जुळवतो, पत्रिका बघत नाही."

मान साबूत असलेली जुनी, भाजलेली बाहुली गावात कुणी पाहिलेली नव्हती. त्यामुळे वाफ्यातून ती वर आली तेव्हा प्रानोमने माती पुसली, मानेवरून बोट फिरवलं आणि कुदळ टाकून दिली.

तिच्या डोक्यात जे आलं ते तुमच्या पुस्तकांत नसेल, पण नोन ताओतल्या कुठल्याही बाईच्या डोक्यात तेच आलं असतं. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी पोटुशीसाठी ही बाहुली भाजून घेतली होती आणि तिची मान मोडायची राहून गेली होती. म्हणजे जो न्यायला आला होता त्याला मोडकी मान दिसलीच नव्हती, आणि तो परत गेलाच नव्हता. तो इथेच बसून होता, या घराखाली, वाट बघत. आणि प्रानोमच्या लेकीचं, फिकुनचं, पहिलं पोर पोटातच गेलं होतं. दुसरंही. आता तिसरं पोटात होतं.

"आई, हिचा गाल बघ गं," फिकुन बाहुली हातात घेऊन म्हणाली. "मियांग कोंबलाय. थेट माझ्या चुलतसासूसारखी." मियांग म्हणजे आंबवलेल्या चहाच्या पानांचा विडा. डोंगराकडच्या बाया तो दिवसभर गालात धरून असतात, भांडतानाही काढत नाहीत.

"खाली ठेव ती," प्रानोम म्हणाली. "पोटाला लावू नकोस."

"थंडगार आहे. बरं वाटतं."

"ठेव म्हटलं ना."

जावई थाविन पायरीवर बसून जाळं सांधत होता. तो म्हणाला, "मोडा मग आजच. कशाला घरात ठेवायची?"

पण आज मोडता येत नव्हती. गावातला म्हातारा प्लुएम वारला होता, त्याचं प्रेत विहारात ठेवलेलं होतं आणि गावात न जाळलेलं प्रेत असताना मान मोडायची नसते. न्यायला येतो एकाला आणि घेऊन जातो भलत्यालाच. म्हणून प्रानोमने बाहुली स्वच्छ धुतली आणि अंगणातल्या भूतघराच्या, म्हणजे राखणदाराच्या लहानशा देव्हाऱ्याच्या, फळीवर ठेवली. प्लुएमचं दहन झालं की मोडायची. फिकुनला दवाखान्यात नेणं चालूच होतं, रक्ताच्या गोळ्या चालू होत्या. प्रानोम काही अडाणी नाही. तिला एवढंच माहीत होतं की डॉक्टर पोटातलं बघतो, घराखालचं बघत नाही.

त्याच दिवसांत तुमची माणसं शेजारच्या उंचवट्यावर दोऱ्या ताणून, छत्र्या लावून बसली होती. उन्हाने कावून तुमचा साहेब प्रानोमच्या खांबांवरच्या घराच्या शिडीशी आला. मऊ बोलणारा, टोपी काढून बोलणारा.

"मावशी, घोटभर पाणी मिळेल का?"

दाराशी आलेल्याला पाणी द्यायचं ही इथली रीत. प्रानोमने रांजणातलं पाणी वाटीत दिलं. वाटी तोंडाला लावता लावता त्याची नजर भूतघराच्या फळीवर गेली आणि पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

"हे कुठून आलं?"

"हळदीतून."

"हात लावू?"

त्याने हात लावला. मग त्याने आपलं जाकीट काढलं, बाहुली त्यात गुंडाळली, तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली आणि म्हणाला की ती तात्पुरती नेतोय, नीट बघायला, जपायला, इथे मांजर पाडेल. प्रानोम म्हणाली, "साहेब, ती आम्हाला लागणार आहे." तो म्हणाला, "हो हो." त्या हो-होला काय अर्थ होता ते तो गाडीत बसल्यावर थाविनने सांगितलं. "गेली ती, आई. आयतं ताट होतं, तो जेवून गेला."

प्लुएमचं दहन झालं तशी प्रानोम तुमच्या कार्यालयात गेली. चोरून नाही, भांडत नाही. फणस घेऊन गेली. साहेबाने तिला खुर्ची दिली, चहा दिला, अगदी आईला विचारावं तसं गुडघ्यांचं विचारलं. प्रानोमने सगळं सांगितलं. प्रेत, फिकुन, मान. मग म्हणाली, "घटकाभर द्या. मोडते आणि दोन्ही तुकडे तुमचे तुम्हाला परत आणून देते. मला ती ठेवायची नाहीच."

साहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"मावशी, साबूत मानेची ही एकच आहे. ही तुमची नाही, माझी नाही. ही देशाची आहे."

"देशाची लेक पोटुशी आहे का?"

"तसं नाही. झिलई बघा ना, जेडच्या दगडासारखी. ही झिलई चीनमधल्या लोंगचुआनच्या तोडीची आहे. राजाने तिकडून कारागीर आणले होते, त्यांचा हात आहे हा. उन्हाळ्यात मोठं प्रदर्शन आहे, चिनी पाहुणे येणार आहेत. 'दोन देश, एक अग्नी.' या बाहुलीवरच तर सगळं उभं आहे."

"चिनी हात म्हणता, आणि मियांग कुणाचा? चिनी बाई मियांग चघळते का?"

"मावशी, मला ठाऊक आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "खालच्या थरांत चिन्यांच्या आधीची भांडीही निघाली आहेत. काळपट, ओबडधोबड, पण इथलीच. सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाटी एवढीशी असते, आणि प्रदर्शन मैत्रीचं आहे."

हे ध्यानात ठेवा. तुमच्या माणसाला खरं माहीत नव्हतं असं नाही. त्याला पाटी लहान पडली.

आणि चिन्यांचं काय घेऊन बसलात? शिकलेच असतील आपले लोक त्यांच्याकडून. थाळीतले मासे त्यांच्यासारखे आहेत, कडेच्या पाकळ्या त्यांच्यासारख्या आहेत, हिरवा रंगही त्यांचा बघूनच निवळला असेल. शेजारणीकडून विरजण आणलं म्हणून दही काही शेजारणीचं होत नाही. म्हैस आपली, दूध आपलं, रात्रभर जागून चूल राखली आपण. पण तुम्हाला पाहुणे येणार होते.

प्रानोम फणस तिथेच ठेवून उठली. दारापर्यंत आल्यावर साहेबाला काहीतरी वाटलं असावं. तो म्हणाला, "मावशी, मी काहीतरी करतो."

त्याने काय केलं? काही दिवसांनी खात्याचा ड्रायव्हर बुटांच्या खोक्यात एक बाहुली घेऊन आला. प्लास्टरची. साच्यातून काढलेली, वरून हिरवा रंग मारलेला.

"साहेबांनी खास करवून घेतली," ड्रायव्हर म्हणाला. "हुबेहूब आहे. ही मोडा खुशाल."

फिकुनने ती हातात घेऊन पाहिली. "हिचा रंग तर नळाखालच्या शेवाळासारखा आहे. आई, तो एवढा वाट बघत बसलाय, त्याला डोळे नाहीत का?"

"असू दे," प्रानोम म्हणाली. "साच्यात खरीच घातली होती ना. तिचं अंग लागलंय हिला." ती हे लेकीला सांगत होती की स्वतःला, कुणास ठाऊक. चिखलाची बाहुली मागच्या दोन्ही खेपेला करून झाली होती. बुडत्याला काडी, तीही प्लास्टरची.

दिवेलागणीला शिडीखाली द्रोण मांडला. भात, मीठ-मिरची, उदबत्ती. शेजारच्या बाया येऊन उकिडव्या बसल्या. फिकुन वर, पायरीवर, पोटावर हात ठेवून. प्रानोमने बाहुलीची मान चिमटीत धरली, डोळे मिटले आणि मोडली. "ही घे आई, हे घे लेकरू, आमची फिकुन..."

कडकन आवाज आला नाही. भसकन पिठासारखं काहीतरी निघालं. प्रानोमने डोळे उघडले. मान फुटली होती, पण डोकं सुटलं नव्हतं. आत तार होती. मजबूत राहावी म्हणून तुमच्या कारागिराने मानेतून तार घातली होती. डोकं तारेला लोंबकळत होतं आणि प्रानोमकडे बघत हलत होतं.

प्रानोमने पीळ दिला, तार वाकली. पुन्हा दिला, पुन्हा वाकली.

"थाविन," ती म्हणाली, "पकड आण."

ज्याला फसवायचं त्याच्यासमोर बसून पकड मागितली. थाविन पकड घेऊन आला, तार कापली, डोकं द्रोणात पडलं. एक म्हातारी उठून निघून गेली, बाकीच्या द्रोणाकडे न बघता बसून राहिल्या. फिकुन वरून म्हणाली, "झालं का?" आणि प्रानोम म्हणाली, "झालं."

नव्या वर्षाच्या सणाचं, सोंगक्रानचं, पाणी उडवून झालं, रस्ते वाळले, आणि फिकुनला कळा सुरू झाल्या. तशा लवकरच. सावनखालोकच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यांना बोल नाही. मुलगी होती. केस भरपूर होते. रडली नाही.

फिकुन जगली. घरी आली आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिला दूध आलं. शिडीखाली उभी राहून ती ते मातीत पिळत होती. प्रानोम जवळ गेली तशी ती मान न वळवता म्हणाली, "तू त्याला पाणी दिलंस, आई." एवढंच. नंतर कित्येक दिवस ती आईशी कामापुरतं बोलत होती, मीठ दे, दार लाव.

त्या बाहुलीची मान मोडली असती तर पोर जगलं असतं असं कुणी म्हणत नाही. प्रानोमही म्हणत नाही. पण आपण करायचं ते केलं, एवढं तरी तिच्या पदरी पडलं असतं. तुम्ही तिच्या हातात तार दिलीत.

मग तुमचं प्रदर्शन झालं. नोन ताओच्या बायांना एकसारख्या चोळ्या वाटल्या, ट्रकात घातलं आणि नाचायला नेलं. प्रानोम नाचायला गेली नाही, बघायला गेली. भाषणं झाली. चिनी हात, थाई माती. एक म्हातारे चिनी पाहुणे काचेपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी बाहुलीच्या फुगलेल्या गालाकडे बोट करून काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, "हसू दाबलंय तिने." पाहुण्यांनी मान डोलावली.

गर्दी पांगल्यावर प्रानोम काचेशी गेली. पाटीवर लिहिलं होतं, मान साबूत असलेली एकमेव बाहुली. तिने मान पाहिली. ती मान तिने हळदीच्या वाफ्यात बोटाने चाचपली होती, रांजणाच्या पाण्याने धुतली होती. आता तिथे केसाएवढी रेघ होती, आणि रेघेच्या वर-खाली झिलई किंचित जास्तच चमकत होती.

ती तडक हेंगशेटच्या दुकानात गेली.

हेंगशेट गल्ल्यावर बसून कलिंगडाच्या बिया फोडत होता. तिला बघून त्याने तोंडातली बी गिळली.

"बस, प्रानोमताई."

"बसायला आले नाही. तुझं काम आहे ते. एवढी बारीक रेघ सावनखालोकमध्ये दुसरं कोण सांधतं?"

"दिसली तुला?"

"दिसली."

"मग चांगलं नाही झालं काम," तो म्हणाला. "खात्याच्या लोकांनी मागच्या दाराने नेलं मला. दोन वर्षांपूर्वी याच लोकांनी माझ्या दुकानावर धाड घातली होती, खोटी डोकी लावतो म्हणून. आता गाडी पाठवली. म्हणे, तुमच्या रक्तातच आहे ही कला, तुमचेच पूर्वज. माझा आजा चीनमधल्या स्वाटाऊहून आला तो भाताच्या गिरणीत पोती उचलायला. त्याला पाण्याचं मडकं धड धरता येत नव्हतं."

"मोडली कशी?"

"फोटो काढत होते. पुस्तकासाठी. दिव्याची वायर कुणाच्या तरी पायात आली. टेबलावरच पडली, पण मानेवर पडली."

"कधी?"

हेंगशेटने बिया एका बाजूला सारल्या. "ताई, कशाला विचारतेस?"

"कधी, हेंग?"

"सोंगक्रानच्या आधी. गावात मांडव घालत होते."

प्रानोमने बोटांवर दिवस मोजले. सोंगक्रानच्या आधी. म्हणजे पोर तेव्हा पोटात लाथा मारत होतं. फिकुन तेव्हा कैऱ्या मागत होती.

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? मोडली ती मोडली."

"नाव घ्यायचं असतं, हेंग. मोडताना नाव घ्यायचं असतं, जिचं नाव घेतलं तिला तो सोडतो. मी धावत आले असते. दाराबाहेरून ओरडले असते."

हेंगशेटने तिला चहा दिला आणि तिने तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ती तुमच्या फाटकापाशी चिंचेखाली बसली. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. संध्याकाळी साहेब गाडीकडे निघाला तशी ती उठून आडवी उभी राहिली.

"मावशी, तुम्ही? लेक कशी आहे?"

"मोडली ना ती?"

साहेबाने ड्रायव्हरकडे पाहिलं. "कोण म्हणालं?"

"मीच बघितली. मोडली तेव्हा कोण होतं खोलीत? कुणी काही बोललं का? कुणाचं नाव घेतलं का?"

"नाव? नाव कशाला घेईल कुणी?" तो घाईने म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघा, अपघात होतात. दुरुस्त झाली आहे. शेवटी ती एक वस्तू आहे."

"त्या दिवशी देश होती."

तो गाडीत बसला. काच वर गेली.

आता राहतो तो एकच प्रश्न, आणि तो प्रानोमचा आहे. तुम्हाला तो खुळा वाटेल, वाटू द्या. फिकुनला पुन्हा दिवस गेले आहेत. प्रानोम रोज घराखाली जाऊन खांबापाशी उभी राहते आणि तिला कळत नाही की तो गेला की बसला आहे. मान मोडली, हे त्याने पाहिलं असेल. पण ती कुणाच्या नावाची मोडली? तुमच्या फोटोवाल्याने दचकून आईला हाक मारली? कुणी बायकोचं नाव घेतलं? कुणी नुसतीच शिवी हासडली? की तुम्ही सगळे गप्प उभे होतात, आणि ज्याला कुणाचंच नाव मिळालं नाही तो ओळखीचं घर बघून परत आला? हे त्या खोलीत असलेल्यांनाच ठाऊक आहे. ती खोली तुमची होती, दिवा तुमचा होता, वायर तुमची होती.

खुर्ची नको, चहा नको, प्लास्टर नको. फिकुनचे दिवस भरत आले आहेत. ती मान मोडली तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या तोंडून कुठल्या बाईचं नाव निघालं, ते सांगा.